आपला संघ

मनुष्य हा विचार करणारा प्राणी आहे, असें तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आरंभींच लिहिलेलें असतें. गेलीं तीस वर्षें आम्ही तें वाक्य विद्यार्थ्यांस शिकवीत आलों आहों. परंतु सुटींत शहापूर-मुरबाडकडे जाऊन आलों, कीं त्या व्याख्येंत थोडी भर घालावीशी वाटते. ज्या गोष्टीवर आपली कवडीचीहि सत्ता चालत नाहीं, तिच्याविषयीं घसा बसेपर्यंत वाद घालणारा प्राणी तो मनुष्य! बैल आपल्या वैरणीसाठीं शिंग उगारतो. पण दुसऱ्याच्या गोठ्यांत कोणता बैल आणावा आणि कोणता बाजार दाखवावा, यासाठीं त्यानें झोपमोड करून घेतल्याचें कोणाच्या ऐकिवांत नाहीं. हा मान केवळ मनुष्याचा.

आमचें मूळ गांव शहापूर तालुक्यांत आणि आमच्या भगिनीचें सासर मुरबाड तालुक्यांत. त्यामुळें शहापूरहून किन्हवली, सरळगांव करीत मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याशीं आमचा जुना परिचय आहे. त्या रस्त्यावरच्या एका चहाच्या दुकानांत दसऱ्यापर्यंत पावसाच्या आणि भाताच्या गोष्टी चालतात. भाताची झोडणी आटोपून खळीं मोकळीं झालीं, कीं विषय पालटतो. मग तेथें कबड्डीखेरीज दुसरें कांहीं ऐकूं येत नाहीं. आणि ती कबड्डीहि बहुधा गांवची नसते. ती असते मुंबईच्या संघाची, 'यू मुम्बा'ची.

कबड्डी या प्रांताला नवी नव्हे. आमच्या लहानपणीं तिला हुतूतू म्हणत. कापणी झालेल्या शेतांत ढेंकळें फोडून, पाणी मारून, चोपून मैदान तयार होई आणि चुन्याची रेषा ओढली कीं सामना सुरू. साधन असें कांहींच लागत नाहीं. चेंडू नाहीं, फळी नाहीं, जोडेसुद्धां नाहींत. लागतो तो दम आणि सात गडी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं हा खेळ परदेशी लोकांस दाखविला, हें आमचे वडील मोठ्या अभिमानानें सांगत. पण त्या अभिमानाला बाजारभाव नव्हता. तो आला २०१४ सालीं. त्या वर्षीं २६ जुलैला 'प्रो कबड्डी लीग' सुरू झाली; आणि योगायोग असा, कीं नंतर आठवडाभरांत, १ ऑगस्टला, ठाणे जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर हा निराळा जिल्हा झाला. जिल्ह्याच्या वांटणीविषयीं आमच्या दुकानांत दोन दिवस बोलणें झालें असेल. कबड्डीविषयींचें बोलणें अद्याप चालू आहे.

या सभेचे सभासद वाचकांस थोडक्यांत परिचित करून देतों. एक सेवानिवृत्त ग्रामसेवक आहेत; त्यांना सर्वजण भाऊसाहेब म्हणतात. एक प्राथमिक शाळेचे गुरुजी. एक रिक्षावाला, ज्याची रिक्षा सामन्याच्या वेळीं नेमकी बिघडते. आणि जवळच्या ठाकूरवाडीवरचा एक तरुण. ग्रामसभेंत हा तरुण दाराशीं उभा राहतो आणि कोणी विचारल्याशिवाय बोलत नाहीं. येथें मात्र त्याच्या शब्दाला वजन आहे, कारण तो स्वतः गांवच्या संघांत डावा कोपरा राखतो. एखादी पकड फसली तर ती पायामुळें फसली कीं शेजाऱ्यानें साखळी सोडल्यामुळें, हें तो चहाच्या पेल्यांवर मांडून दाखवितो आणि भाऊसाहेब मान डोलवितात.

"सगळी थैली एका चढाईवाल्यावर ओतली, तर कोपरे काय वाऱ्यानं राखायचे?" असा भाऊसाहेबांचा नेहमींचा प्रश्न. लिलावांत प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा ठरवून दिलेली असते, हें त्यांना आपल्या निवृत्तिवेतनाच्या आंकड्याइतकें पाठ आहे.

"भाऊसाहेब, गुण कोण आणणार? तुमचे कोपरे?" रिक्षावाला.

"आणतात ना! तीन किंवा तीनाहून कमी गडी उरले असतां पकड झाली तर एक गुण जादा मिळतो. हिशेब करा."

येथें गुरुजी २०१८ सालची जखम उघडी करतात. त्या वर्षीं कोल्हापूर जिल्ह्यांतील चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई मुंबईच्या संघानें ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतला. पहिल्याच हंगामांत त्यानें चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळविले. पुढच्या वर्षींच्या लिलावांत तेलुगू टायटन्स संघानें त्याच्यावर १ कोटी ४५ लाख रुपये लावले आणि तो गेला. तो जाऊं द्यावयास हवा होता कीं नव्हता, या प्रश्नावर त्या दुकानांत इतका चहा खपला आहे, कीं दुकानदारानें त्या लिलावाचा फोटो देव्हाऱ्यांत ठेवला तरी आम्हांस नवल वाटणार नाहीं.

तर्कशास्त्राचा मनुष्य अशा ठिकाणीं बसला, कीं त्याच्या हातांना खाज सुटते. एके दिवशीं आम्हीं विचारलें, "या संघांत तुमचें असें काय आहे?" प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. पहिलीं चार वर्षें ज्या अनुपकुमारनें या संघाचें नायकपद भूषविलें आणि २०१५ सालीं संघाला विजेतेपद मिळवून दिलें, तो हरियाणाचा. आणि २०१८ सालीं तोहि जयपूरच्या संघांत गेला. त्याच वर्षीं मुंबईनें इराणच्या फजल अत्राचलीला १ कोटी रुपयांना घेतलें. ऑगस्ट महिन्यांत जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत इराणनें उपांत्य सामन्यांत भारताला हरविलें. त्या संघांत फजल होता, आणि त्या सायंकाळीं आमच्या दुकानांत त्याच्या नांवानें जीं विशेषणें उच्चारलीं गेलीं तीं या मासिकांत छापण्याजोगीं नाहींत. ऑक्टोबरांत लीग सुरू झाली. फजल मुंबईच्या वेषांत डाव्या कोपऱ्यावर उभा राहिला, त्यानें पहिला पाय धरला, आणि तेच रिक्षावाले गृहस्थ ओरडले, "आपला फजल!" पुढें २०२२ सालीं पुण्याच्या संघानें त्याला १ कोटी ३८ लाखांना नेला, तेव्हां तो पुन्हां परका झाला.

बरें, खेळाडू आपले नसोत, सामने तरी आपल्याकडे होतात काय? २०२१-२२ चा सबंध हंगाम महामारीमुळें बंगळुरूस प्रेक्षकांवांचून झाला, तें समजण्यासारखें आहे. पण २०२४ चे सामने हैदराबाद, नोएडा आणि पुणें येथें झाले. २०२५ चे विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथें. या दोन्ही हंगामांत मुंबईच्या संघाचा एकहि सामना मुंबईंत झाला नाहीं. वेळापत्रक जाहीर होई, गुरुजी तें शाळेच्या हजेरीपुस्तकासारखें वाचून दाखवीत आणि रिक्षावाला आसनगांवहून वरळीपर्यंतच्या लोकलभाड्याचा मनांतल्या मनांत केलेला हिशेब पुसून टाकी.

सारांश, खेळाडू परके, मालक परका, सामने परगांवीं. आम्हीं हें सर्व क्रमवार मांडलें आणि निष्कर्षाची वाट पाहत बसलों. तो वाडीवरचा तरुण म्हणाला, "सर, मुंबई आमच्या भातसाचं, तानशाचं पाणी पिते. मग तिचा संघ आमचा नाही, तर कोणाचा?"

तर्कशास्त्रांत या युक्तिवादाला काय म्हणतात तें आम्हांस ठाऊक आहे. तरी आम्ही गप्प राहिलों. तानशाचें धरण १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. भातसा तर तिच्या पाण्याचा सर्वांत मोठा आधार. आणि त्याच शहापूर तालुक्यांतल्या वाड्यांवर चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहत हंडे रांगेनें ठेवलेले असतात. ज्यानें इतकें द्यावें आणि उलट कांहीं मागूं नये, त्यानें निदान एका संघावर हक्क सांगितला तर तो आगाऊपणा खास नव्हे.

शिवाय ही गोष्ट आमच्याच मुलखांतली आहे असेंहि नाहीं. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न शहरीं त्यांचा स्वतःचा असा एक फुटबॉल खेळतात. तेथील जुने संघ शहराच्या एकेका उपनगराचे. त्यांपैकीं साउथ मेलबर्नचा संघ १९८२ सालीं उचलून सिडनीस नेला. फिट्झरॉयचा संघ १९९६ च्या अखेरीस दूरच्या ब्रिस्बेनच्या संघांत विलीन झाला. तरी त्या उपनगरांतील कित्येक कुटुंबांनीं हजार मैलांवर गेलेल्या संघाचे रंग टाकले नाहींत. मालमत्ता हलवितां येते. माया हलवावयास कागदपत्रें पुरत नाहींत.

येथवर आमचा निबंध गोड झाला. पण दोन वर्षांपूर्वींची एक गोष्ट सांगितल्याशिवाय तो खरा होणार नाहीं.

पौषांत, म्हसेच्या यात्रेच्या सुमारास, शेजारच्या गांवीं प्रकाशझोतांत कबड्डीचे सामने ठेवले होते. बक्षीस मोठें होतें. आमच्या गांवच्या मंडळानें यंदां चषक आणावयाचाच असें ठरविलें आणि मानधन देऊन बाहेरचे तीन खेळाडू आणले. दोन चढाईचे, एक डाव्या कोपऱ्याचा. लिलावाचे धडे दूरचित्रवाणीवर दहा वर्षें गिरविल्यावर हें व्हावयाचेंच होतें. त्यांत बेकायदेशीर कांहीं नव्हतें. इतर गांवेंहि तेंच करीत होतीं. वाडीवरचा तो तरुण राखीव म्हणून बसला. मध्यंतरांत तो पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानांत जाई आणि ज्यानें त्याची जागा घेतली होती त्याच्या हातीं पहिली बाटली देई. आम्ही पुढच्याच रांगेंत होतों. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

चषक आला. ढोल वाजले. चषक मारुतीच्या सभामंडपांत ठेवला गेला आणि पाहुणे खेळाडू आपलें पाकीट घेऊन पहाटेच्या गाडीनें गेले.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मुद्दाम दुकानांत जाऊन बसलों. इतक्या मोठ्या विजयानंतर काय काय ऐकावयास मिळेल, अशी आम्हांस उत्सुकता होती. पण कोणी बोलेना. रिक्षावाल्यानें एकदोन चढायांचें वर्णन केलें. पण त्या चढाया कोणाच्या, हें सांगतांना त्याला नांव आठवेना. गुरुजींनीं वर्तमानपत्र उघडलें. तो तरुण आलाच नाहीं. तासाभरानें भाऊसाहेब म्हणाले, "मुंबईचा संघ पैशानं भरला तरी आपण त्याला आपला म्हणू शकतो. आपला संघ पैशानं भरला, तर त्याला कोण आपला म्हणणार?"

या वाक्याचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला आहे. दूरच्या संघाशीं आपलें नातें केवळ प्रेमाचें असतें. तेथें सातांपैकीं सातहि परके असले तरी बिघडत नाहीं, कारण आपण तेथें मनानेंच जातों. जवळच्या संघाचें तसें नाहीं. त्याचें आपलेपण त्या मुलाच्या गुडघ्यावरच्या खपलींत असतें, त्याच्या आईनें मंडळाला दिलेल्या दहा रुपयांच्या वर्गणींत असतें, 'तुझ्या बापाचाहि पाय असाच लवकर सुटायचा' या टोमण्यांत असतें. तें लिलावांत मिळत नाहीं. म्हणूनच परक्यांनीं जिंकलेल्या चषकाविषयीं गांवाला बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. वाद हें आपलेपणाचें लक्षण आहे. ज्याच्याविषयीं आपण भांडत नाहीं, तें आपलें नव्हे, मग तें आपल्या सभामंडपांत कां असेना.

मंडळाच्या पुढल्या बैठकींत बराच आरडाओरडा होऊन एक नियम झाला: सातांपैकीं निदान पांच गडी गांवचे आणि वाड्यांवरचे असावेत. नियम मांडला भाऊसाहेबांनीं. पण कोणते पांच, हें विचारण्यासाठीं सर्वांनीं दाराशीं उभ्या असलेल्या त्या तरुणाला आंत बोलावून बसविलें. गेल्या वर्षीं त्याच स्पर्धेंत आमचा संघ दुसऱ्याच फेरींत हरला. शेवटच्या चढाईंत डाव्या कोपऱ्यानें घाई केली कीं मधल्या गड्यानें साथ सोडली, याचा निकाल होळी आली तरी लागला नव्हता. तो तरुण रोज सायंकाळीं दुकानांत येई, चहाचे पेले मांडी आणि आपली बाजू सांगे. आणि रिक्षावाला रोज एक पेला उचलून दुसरीकडे ठेवी.

मुंबईच्या संघाचा लिलाव, वेळापत्रक, कोपरे आणि थैली यांवरील चर्चा अर्थात् बंद पडलेली नाहीं. ती बंद पडूं नये अशीच आमची इच्छा आहे. दिवसभर शेतांत, कचेरींत किंवा रस्त्यावर दुसऱ्याचे हुकूम ऐकणाऱ्या मनुष्याला रात्रीं तासभर करोडों रुपयांचा कारभार चालवावयास मिळतो, हें कांहीं लहानसहान सुख नव्हे. मात्र त्या तासांतलीं निदान पंधरा मिनिटें तरी खळ्यावरच्या मातींत घाम गाळणाऱ्या सात पोरांच्या वांट्याला यावींत. दूरच्या संघाला आपल्या वादाची गरज नाहीं. तो वाद त्याच्या कानींहि पडत नाहीं. त्या सात पोरांच्या तो कानींहि पडतो आणि मनींहि लागतो.