तीन बटणं

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मला रात्री साडेअकराला चाकणच्या एका गोदामात एकट्याला पाठवलं होतं. तिथली लिंक अधूनमधून तुटत होती. कन्सोल केबल लॅपटॉपला जोडली, सिस्कोच्या राउटरवर लॉगिन केलं आणि वाट कुठे अडतेय ते बघायला ट्रेसरूट लावला.

पहिल्या टप्प्याचं उत्तर आलं. मग नुसत्या चांदण्या. प्रत्येक ओळीत तीन, एकाखाली एक.

कंट्रोल-सी दाबलं. लिनक्सवर शिकलेला हात, दुसरं काय करणार? ढिम्म. एस्केप, एंटर, क्यू, सगळं दाबून झालं. पुटीची विंडो बंद करून परत उघडली, तर चांदण्या चालूच. कन्सोलवर विंडो बंद केली तरी राउटरला त्याचा पत्ता नसतो, हे मला माहीत नव्हतं.

मागे सुपरवायझर उभे होते. बाहेर ट्रक बिलांसाठी थांबलेले. "साहेब, हँग झालं का?"

बावीस वर्षांच्या पोराला कुणी साहेब म्हटलं की त्याला काहीतरी करून दाखवावंच लागतं. मी राउटरच्या मागचं बटण बंद केलं, दहापर्यंत मोजलं, चालू केलं. राउटर उठला. लिंक मात्र आता पूर्णच गेली.

सिनियरला फोन लावला. "दादा, मी राउटर बंद करून चालू केला."

पलीकडे शांतता. मग, "अरे, संध्याकाळी मी इथून बदल केले होते. रायट मेमरी मारायचं राहिलं."

सेव्ह न केलेलं कॉन्फिगरेशन फक्त रॅममध्ये असतं. वीज गेली की तेही गेलं. पहाटे तीनपर्यंत तो फोनवरून एकेक ओळ सांगत होता आणि मी टाइप करत होतो. लिंक आल्यावर त्याने विचारलं, "पण बंद का केलास?" सांगितलं. तो हसला नाही.

"कंट्रोल, शिफ्ट आणि सहा. तिन्ही एकदम दाब."

मुद्दाम ट्रेसरूट लावून बघितला. दाबलं. थांबला.

घरी जाताना हिशेब केला. ३० टप्पे, प्रत्येक टप्प्याला ३ प्रयत्न, प्रत्येक प्रयत्नाला ३ सेकंद. २७० सेकंद, म्हणजे जास्तीत जास्त साडेचार मिनिटं. राउटर हँग नव्हताच, उत्तराची वाट बघत होता. मला तेवढंही थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये सिनियरने लिहिलं होतं, 'बदल सेव्ह केले नव्हते, चूक माझी.' माझं नाव कुठेच नव्हतं.

आता नव्या मुलामुलींना मी पहिल्या कमांडच्या आधी ती थांबवायची कशी ते शिकवतो. स्पेलिंग चुकलं की राउटर तो शब्द एखाद्या मशीनचं नाव समजून डीएनएसला विचारत बसतो, तिथेही हीच तीन बटणं. डीबगला मात्र ती चालत नाहीत, त्याला 'अनडीबग ऑल'. मग त्या रिपोर्टची गोष्ट सांगतो.

आणि निघण्याआधी रायट मेमरी. ते मी अजूनही दोनदा मारतो.