विस्तव कोणासाठी?

काही चित्रपट पाहून करमणूक होते, काही पाहून वेळ वाया गेल्याची हळहळ वाटते. क्वचित एखादा असा भेटतो की, तो संपल्यावर संसारी माणूस मुकाट्याने उठेल आणि झोपलेल्या लेकरांच्या अंगावरचे पांघरूण नीट करून येईल. आम्हां धर्मगुरूंना ती सोय नाही. म्हणून 'द रोड' हा इंग्रजी चित्रपट पाहून झाल्यावर आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. त्या वेळी मनात जे आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जॉन हिलकोट यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००९ सालचा. कॉरमॅक मॅकार्थी (१९३३–२०२३) या अमेरिकन लेखकाच्या २००६ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. या कादंबरीला २००७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. मॅकार्थी टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे कॅथलिक कुटुंबात वाढले. कादंबरी कशी सुचली हे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले होते. टेक्सासमधील एल पासो शहरात एका हॉटेलात त्यांचा लहान मुलगा झोपला होता. रात्री खिडकीतून बाहेर पाहताना, पन्नास-शंभर वर्षांनी हे शहर कसे दिसेल असा विचार त्यांच्या मनात आला आणि डोंगरावर पेटलेल्या आगी त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. म्हणजे या कथेच्या मुळाशी जगबुडीचे कुतूहल नाही, एका बापाची काळजी आहे.

कथा थोडक्यात सांगता येते. कसल्याशा महाभयंकर आपत्तीने जग जळून गेले आहे. ती आपत्ती कोणती, हे शेवटपर्यंत सांगितले जात नाही. झाडे मेली आहेत, पिके नाहीत, जनावरे नाहीत, सूर्य झाकोळला आहे आणि सर्वत्र राख पसरली आहे. एक बाप आणि त्याचा लहान मुलगा सामानाची ढकलगाडी घेऊन दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेने चालले आहेत. मुलाच्या आईने जगण्याची आशा सोडून दिली आणि एका रात्री ती अंधारात निघून गेली. बापाजवळ पिस्तूल आहे. त्यात दोनच गोळ्या आहेत, आणि त्या शत्रूसाठी राखलेल्या नाहीत. भुकेने माणसे माणसांना खाऊ लागली आहेत. त्यांच्या हाती सापडण्यापेक्षा मरण बरे, म्हणून बापाने मुलाला ते पिस्तूल स्वतःवर कसे चालवायचे हे शिकविले आहे. हा चित्रपट लहान मुलांना दाखवू नये, हे पालकांना वेगळे सांगावयास नको.

दिग्दर्शकाने हे उजाड जग बऱ्याच अंशी प्रत्यक्ष स्थळीच टिपले. पेनसिल्व्हेनियातील वापरातून गेलेला महामार्ग, १९८० साली उद्रेक झालेल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा परिसर, २००५ च्या कतरिना वादळाने उद्ध्वस्त केलेले न्यू ऑर्लीन्स. जगाचा अंत चित्रित करण्यासाठी फारशी कल्पना लढवावी लागली नाही, हेही विचार करण्याजोगे आहे.

या प्रवासात बाप मुलाला एकच धीर देतो: आपण चांगली माणसे आहोत आणि आपण अग्नी घेऊन चाललो आहोत. मुलगा मात्र हे शब्द बापापेक्षाही मनावर घेतो. वाटेत एक जर्जर, जवळजवळ आंधळा म्हातारा भेटतो (रॉबर्ट ड्युव्हाल यांनी ही छोटी भूमिका अविस्मरणीय केली आहे). बाप पुढे निघू पाहतो. मुलगा हट्ट धरून त्याला जेवू घालावयास लावतो. पुढे समुद्रकिनारी एक चोर त्यांचे सर्वस्व पळवितो. बाप त्याला गाठतो, पिस्तूल रोखून त्याचे अंगावरचे कपडेही उतरवून घेतो आणि त्याला थंडीत उघडा सोडून निघतो. मुलगा रडतो, विनवितो. अखेर दोघे मागे फिरतात आणि त्या माणसाचे कपडे व थोडे अन्न रस्त्यावर ठेवून येतात. तो माणूस तोवर दिसेनासा झालेला असतो.

या बापाला दुष्ट म्हणण्यास आम्ही धजणार नाही. व्हिगो मॉर्टेन्सन यांच्या खंगलेल्या चेहऱ्यावर जे दिसते ते निखळ वात्सल्य आहे. भेटेल त्याला घास दिला असता तर मुलगा केव्हाच मेला असता, हा त्याचा हिशेब खरा आहे. आणि हा हिशेब आम्हांला परका नाही. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून डोक्यावर बोचके आणि कडेवर पोर घेऊन चाललेली माणसे आपण पाहिली आहेत. त्या दिवसांत धान्यवाटपाच्या वेळी एक गृहस्थ आम्हांस म्हणाले, "फादर, दोन महिने पगार नाही. तुम्ही दिलेल्या पिशवीतले अर्धे तांदूळ आमच्या हिने मागच्या खोलीतल्या मजुरांना नेऊन दिले. आमच्या पोरांनी काय खायचे?" त्या प्रश्नात लबाडी नव्हती. चांगल्या बापाला पडणारा तो प्रश्न होता.

त्याचे उत्तर हा चित्रपट प्रवचन न करता देतो. तळघरातील अन्नाचा मोठा साठा हाती लागलेला असताना, वरून कुत्र्याची आणि कोणाची तरी चाहूल येते आणि बाप घाबरून मुलासह तेथून निघतो. पुढे समुद्राकाठी बाप मरतो. एकटा उरलेल्या त्या पोरापुढे एक अनोळखी कुटुंब येते: नवरा, बायको, त्यांची दोन मुले आणि एक कुत्रा. ती बाई सांगते, आम्ही तुमच्या मागोमागच येत होतो, तुमची काळजी वाटत होती. ज्यांच्या चाहुलीने बापाने पळ काढला, ती बहुधा हीच माणसे.

येथे आम्ही थबकलो. बापाच्या सावधपणाने मुलाला समुद्रापर्यंत आणले, हे खरे. पण त्यापुढे तो सावधपणा कामाचा नव्हता. पुढे मुलगा जगणार होता तो दुसऱ्या कोणा बापाने आपला हिशेब बाजूला सारला म्हणून. त्या बापालाही पदरची दोन मुले होती. आणखी एक तोंड त्याला परवडणारे नव्हते. प्रत्येक आईबापाला आपले मूल एक ना एक दिवस परक्यांच्या स्वाधीन करून जायचे आहे. त्या परक्यांनी दार उघडावे असे आपल्याला वाटते, तर आपल्या दाराशी आलेले परके मूल कोणाचे?

आमच्या लहानपणी रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवीत. सकाळी कोणाची चूल विझलेली असली, तर शेजारीण विस्तव मागावयास येई. कोणी नाही म्हणत नसे, कारण दिल्याने विस्तव कमी होत नाही. उलट आपला विझला, तर परत मागण्यासाठी एक घर राहते.