चार तळहातांएवढी जागा

हजार-बाराशे किलो वजनाची मोटारगाडी रस्त्याला प्रत्यक्षात किती टेकते? प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढी जागा, एवढेच. गाडीचे धावणे, वळणे, थांबणे हे सारे त्या चार तळहातांच्या भरवशावर चालते. घरोघरी गाडी घेताना रंगाची चर्चा होते, गाणी ऐकण्याच्या यंत्राची होते. टायरची आठवण मात्र पंक्चर झाल्यावाचून कुणास होत नाही. आम्ही या विषयात शिरलो ते आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामातील एका तरुणामुळे.

हा तरुण चेन्नईजवळ एका कारखान्यात अभियंता आहे. तिथल्या इरुंगट्टुकोट्टई गावी सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीची शर्यतीची धावपट्टी आहे. 1990 साली ती सुरू झाली. ठरावीक दिवशी हौशी मंडळी पैसे भरून, शिरस्त्राण घालून, स्वतःची रोजच्या वापरातली गाडी तिच्यावर चालवू शकतात. त्याच्या आईने आम्हांस फोन केला, "फादर, तुमचं तो ऐकतो. त्याला म्हणावं, हे वेड सोड."

आम्ही तसे म्हटले नाही. वेगाची हौस तरुणपणी असायचीच. ती मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, ट्रकांच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या गर्दीत फेडण्यापेक्षा, जिथे समोरून कुणी येत नाही अशा ठिकाणी फेडलेली बरी. महामार्गावर गेलेल्या मुलांचे अंत्यविधी ज्यांनी केले आहेत, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. आम्ही त्याला एवढेच विचारले, "टायर कोणते घालणार आहेस?" आणि मग दोन महिने आमच्यात याच विषयावर बोलणे चालले.

त्याच्या लहान गाडीच्या टायरवर 185/60 आर 15 84 एच अशी अक्षरे आहेत. रुंदी 185 मिलिमीटर, उंची रुंदीच्या साठ टक्के, आतील चाक 15 इंचांचे. पुढचा 84 हा आकडा सांगतो की एक टायर 500 किलो भार पेलतो आणि 'एच' सांगतो की ताशी 210 किलोमीटर वेगापर्यंत तो टिकावा. आणखी एका कोपऱ्यात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1523 म्हणजे 2023 सालचा पंधरावा आठवडा. दुकानदार 'अगदी नवा माल' म्हणतो तेव्हा हे चार आकडे वाचावेत. रबर न वापरताही म्हातारे होते, कडक होते.

धावपट्टीवर टायरचा खरा शत्रू उष्णता. वळणावर रबर दाबले जाते, ओढले जाते, घासले जाते आणि तापते. इंधन वाचविण्यासाठी व पुष्कळ वर्षे टिकण्यासाठी बनविलेला टायर तिथे काही फेऱ्यांतच बुळबुळीत होतो. नक्षीच्या ठोकळ्यांचे तुकडेही निघू शकतात. दुसऱ्या टोकाला शर्यतीच्या टायरांचे जवळचे भाऊ: रबर मऊ, नक्षी नावापुरती, पकड विलक्षण. अमेरिकी पद्धतीत झिजेचा एक अंक टायरवर छापतात; अंक जितका मोठा, तितका टायर टिकाऊ. तिकडच्या हौशी मंडळींमध्ये 200 अंकाचे टायर प्रिय आहेत. रोजच्या टायरवर बहुधा 300 ते 500 दिसतो. मात्र हा अंक प्रत्येक उत्पादक स्वतःच ठरवीत असल्याने एका कंपनीच्या अंकाची दुसरीशी तुलना फार ताणू नये.

आमच्या तरुणाचे मन अर्थातच त्या मऊ टायरांवर गेले होते. भारत सरकारने 2020 च्या जूनमध्ये मोटारींच्या नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा ते मिळविणे आणखीच जिकिरीचे झाले. पण अडचण दुर्मिळतेची नव्हे. साधा चांगला टायर सुटण्यापूर्वी ओरडतो. त्याची किंकाळी शिकाऊ चालकाला सावध करते आणि पकड हळूहळू सुटते. मऊ टायर अधिक वेगापर्यंत धरून ठेवतो आणि सुटतो तेव्हा गाडी त्या अधिक वेगात असते. शिवाय ब्रेक तेच जुने. त्यांना मात्र अधिक वेग आवरावा लागतो. नवशिक्याने आधी ब्रेकचे जुने तेल बदलावे, टायरचा लोभ नंतर धरावा, असे आमचे स्पष्ट मत पडले.

आणि मग त्या माउलीने, काहीही न शिकता, सर्वांत नेमका प्रश्न विचारला: "सप्टेंबरात आम्ही वेलंकणीला ह्याच गाडीनं जाणार ना? मग टायर तेच?" तेच. चेन्नईहून तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास, आणि पुढे ऑक्टोबरपासून तिकडचा पावसाळा. नक्षी नसलेल्या टायरला पाणी बाजूला सारता येत नाही. गाडी पाण्यावर तरंगते आणि सुकाणू निरर्थक होते. चार चाकांचा दुसरा संच ठेवता येतो, मागची बैठक दुमडली की तो गाडीत मावतोही. पण त्याच्या पगारात घराचे हप्तेही आहेत.

अखेर त्याने मधला मार्ग घेतला: चांगल्या प्रतीचे, ओल्या रस्त्यावर धरणारे, रस्त्याचेच टायर, त्याच मापाचे, वेगाचे अक्षर मात्र 'व्ही', म्हणजे 240. घेतल्या घेतल्या तो धावपट्टीवर गेला नाही, हे आम्हांस आवडले. नव्या टायरचे उंच ठोकळे वळणावर लवतात व लवकर तापतात. थोडी झिजलेली नक्षी कोरड्यात बरी. म्हणून आधी काही महिने ते रस्त्यावर वापरले. नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला. पावसासाठी तर त्याच्या बराच आधी.

पहिल्या दिवशी त्याने फोनवर हवेचा हिशेब सांगितला. सकाळी दाब 32, फेऱ्यांनंतर 40 च्या आसपास. हवा तापली की दाब वाढतो, टायर फुगून मधोमध टेकतो आणि तळहात लहान होतो. म्हणून बाहेर येताच गरम टायरातील थोडी हवा त्याने सोडली. पुढच्या चाकांची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा अधिक खरवडली होती. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत ते होणारच. संध्याकाळी टायर निवल्यावर त्याने दाब पुन्हा मोजला, तेव्हा तो 27 वर उतरला होता. फाटकाबाहेरच्या पंपावर त्याने हवा 32 पर्यंत भरून घेतली, चाकांचे नट पान्याने तपासले आणि मग आईला फोन लावला.