गल्ल्यातले चौसष्ट हजार

सोमवार, ५ जानेवारी

अकरावी वाणिज्यला ‘अंतिम खाती’ आज सुरू केली. व्यापार खाते, नफातोटा खाते, ताळेबंद. तिन्हींची आखणी फळ्यावर मांडली आणि मुलांनी भराभर उतरवून घेतली. आखणी त्यांना आवडते. गाडं अडलं ते ‘उचल’पाशी. मालकाने दुकानातला ५०० रुपयांचा माल घरी नेला, एवढंच उदाहरण. निम्म्या वर्गाने ते दुकानाच्या खर्चात टाकलं, बाकीच्यांनी कुठेच नाही. देवळाच्या पश्चिमद्वाराकडे प्रसादाचं दुकान असलेला मुलगा म्हणाला, “आपल्याच दुकानातलं आपणच नेलं, त्यात लिहायचं काय, मॅडम?”

व्यवसायाचे अस्तित्व मालकापासून वेगळे असते, ही व्याख्या पहिल्या प्रकरणातच झालेली आहे आणि सगळ्यांची ती तोंडपाठ आहे. सहामाहीला तिचे गुणही मिळाले.

गुरुवार, ८ जानेवारी

ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना हा भाग जड जातोय. ज्यांचे वडील एसटीत किंवा साखर कारखान्यात आहेत ती मुलं झटकन समजून घेतात, कारण कारखान्याची तिजोरी आणि घरातलं कपाट वेगळं असतं हे त्यांनी जन्मापासून पाहिलंय. पंढरपुरातल्या दुकानदाराच्या घरी मात्र खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मधल्या जिन्यावरून पैसा दिवसभर वर-खाली करत असतो.

भांडवल ताळेबंदात देयतेच्या बाजूला का, हेही आज पुन्हा सांगावं लागलं. मालकाने दुकानात घातलेली रक्कम दुकान मालकाला देणं लागतं, म्हणून.

“म्हणजे दुकान पप्पांचं कर्जदार आहे?”

“वहीत तरी आहे.”

“मग पप्पा वसूल का करत न्हाईत?”

वर्ग हसला. प्रश्न मात्र बिनतोड आहे. वसुली रोज चाललेली असते, फक्त तिची नोंद नसते.

सोमवार, १२ जानेवारी

लुका पाचोलीची गोष्ट सांगितली. इटलीतला हा साधू गणितज्ञ. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात त्याने दुहेरी नोंद पद्धती मांडली. पद्धत त्याने शोधली नाही. व्हेनिसचे व्यापारी आधीपासून जे करत होते ते त्याने नीट लिहून काढलं. तीन वह्या: आधी कच्ची टिपणवही, तिच्यावरून रोजकीर्द, रोजकीर्दीवरून खतावणी.

मुलांना गंमत वाटली ती पुढच्या तपशिलाची. वह्या सुरू करण्याआधी व्यापाऱ्याने आपल्या मालकीच्या सगळ्या वस्तूंची यादी करावी, असं पाचोली सांगतो. त्याच्या नमुना यादीत रोकड आणि माल आहे, तसेच दागिने, कपडे आणि पिसांच्या गाद्याही आहेत. म्हणजे ज्याला लेखाशास्त्राचा जनक म्हणतात त्याच्याही यादीत घर आणि दुकान एकत्रच होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, “मग आम्हालाच का छळताय?” सांगितलं की, गाद्या मोजल्या तर श्रीमंती कळते, धंदा चालतोय की नाही, हे कळायला गाद्या बाजूला काढाव्या लागतात.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. प्रसादाच्या दुकानवाल्याने तिळगुळाची पुडी दिली. “गोड बोला मॅडम, आणि ही उचल आहे.” मूळ किमतीला लिही, विक्री किमतीला नको, एवढं सांगून पुडी घेतली. घरी नेलेल्या मालावर दुकानाने नफा कमावलेला नसतो.

सोमवार, १९ जानेवारी

आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. या चार वाऱ्यांवर गावाचं वर्ष उभं आहे. माघी दहा दिवसांवर आली आहे. पुस्तकातले ‘श्री. अ यांची तेरीज’ छापाचे प्रश्न बाजूला ठेवून वर्गाकडूनच एका दुकानाचं उदाहरण रचून घेतलं. आकडे काल्पनिक, पण वाद खरे झाले. हंगामात गाळ्याचं भाडं किती धरायचं यावर दहा मिनिटं गेली.

शेवटी ठरलं ते असं. सुरुवातीला २०,००० चा माल आणि १०,००० रोख, म्हणजे भांडवल ३०,०००. वारीसाठी घाऊक व्यापाऱ्याकडून ४५,००० चा माल उधारीवर: चुरमुरे, बत्तासे, कुंकू, तुळशीच्या माळा, पेढे. ‘धनको’ कोण, हे समजावण्याची गरजच पडली नाही. वारी उलटली की दारात येऊन उभा राहतो तो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शुक्रवार, २३ जानेवारी

वसंतपंचमी. देवळात विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा. वर्गात निम्मी हजेरी.

हजर असलेल्यांत एक मुलगी प्रदक्षिणा मार्गालगत राहते. वारीत घरच्या तीनपैकी दोन खोल्या वारकऱ्यांना देतात. “आमचं तर घरच दुकान आहे. लाइटबिल कुणाचं?” प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या पुढचा होता. वाटणी करायची. दोन खोल्या जितके दिवस भाड्याने दिल्या तितक्या दिवसांच्या बिलाचा रास्त वाटा धंद्याचा, उरलेला घराचा. वाटा कशावर काढला हे लिहून ठेवायचं आणि दर वारीला तोच नियम लावायचा. सोयीप्रमाणे नियम बदलला की या वर्षीचा नफा मागच्या वर्षाशी ताडून पाहता येत नाही. ‘सातत्याची संकल्पना’ म्हणून पुस्तकात जी दोन ओळींत उरकली आहे ती हीच.

बुधवार, २८ जानेवारी

दशमी. मोजकी मुलं. एकाने विचारलं, आमच्या दुकानाला जीएसटी नंबर का नाही? फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी करावी लागते. शिवाय कुंकू आणि तुळशीमाळ करमुक्तच आहे, पेढ्यांवर मात्र कर आहे. एवढ्यावर थांबले. उलाढाल आणि नफा यांत ही मुलं अजून गल्लत करतात, त्यात कराची भर नको.

गुरुवार, २९ जानेवारी

माघी एकादशी. महाद्वारापासून प्रदक्षिणा मार्गाने चालत गेले. माझा वर्ग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसला होता. कुणी माप भरतंय, कुणी सुट्ट्या पैशांसाठी शेजारच्या गाळ्यात धावतंय. तिळगूळवाला गल्ल्यावर होता. मी उभी होते तेवढ्यात त्याची धाकटी बहीण आली, डब्यातून भाजीसाठी पैसे घेऊन गेली. मागोमाग रिक्षावाला मालाचं भाडं घेऊन गेला, त्याच डब्यातून. मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून चिठ्ठी काढून दोन आकडे दोन वेगळ्या ओळींत लिहिले. माझ्यासमोर लिहिले म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही.

शनिवार, ३१ जानेवारी

उदाहरण सोडवलं. आधी उरलेले आकडे भरले. विक्री ७०,०००, सगळी रोखीची. जागेचं भाडं ४,०००, मदतनिसाची मजुरी ३,०००, वीज ५००. घरासाठी नेले ८,५००, त्यात बहिणीची फी ६,००० आणि किराणा २,५००. शिल्लक माल १२,००० चा. पण त्यातले १,५०० चे चुरमुरे-बत्तासे सादळले. मालाची खरेदीची किंमत आणि आज सुटेल ती किंमत, यांतली कमी असेल ती धरायची, म्हणून अखेरचा साठा १०,५००. दुकानदारांच्या मुलांनी हा नियम न कुरकुरता मान्य केला. सादळलेले चुरमुरे कुणी घेत नाही हे त्यांना लेखाशास्त्राच्या आधीपासून माहीत आहे.

मग विचारलं, गल्ल्यात किती? हिशोब बरोबर आला: ६४,०००. दुकान कसं चाललं? “जोरात!”

नफातोटा काढायला लावला. विकलेल्या मालाची किंमत २०,००० अधिक ४५,००० वजा १०,५००, म्हणजे ५४,५००. ढोबळ नफा १५,५००. खर्च ७,५००. निव्वळ नफा ८,०००.

वर्ग गप्प. कुणीतरी वही पुन्हा तपासली. गल्ल्यातल्या ६४,००० पैकी ४५,००० घाऊक व्यापाऱ्याचे आहेत. नुसते आपल्याकडे थांबलेले. आणि घरात गेले ८,५००. नफ्यापेक्षा ५०० जास्त. भांडवल ३०,००० वरून २९,५०० वर आलं. भरल्या गल्ल्याने दुकान ५०० रुपयांनी आक्रसलं आणि कुणाला पत्ता लागला नाही. अशा वाऱ्या वर्षानुवर्षं होत गेल्या की घाऊक व्यापाऱ्याला द्यायला पैसे कमी पडू लागतात. मग लोक म्हणतात, धंद्यात आता राम राहिला नाही. धंद्यात होता. उचल नोंदवली असती तर दिसलाही असता.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

खोल्या भाड्याने देणाऱ्या घरातली मुलगी आज उभी राहिली. “मदतनिसाला ३,००० दिले ते खर्चात धरले. माझी आई त्याच्याइतकीच राबली. तिचे कुठेत?”

उत्तर नियमात आहे, पण ते देताना बरं वाटत नाही. पैशाचा व्यवहार झाला नाही, तर नोंद नाही. मालकाने स्वतः गाळलेल्या घामाला तर मजुरी म्हणून जागाच नाही. त्याने घेतलं ते सगळं उचल. आई मालक नाही. तिला खरोखर मजुरी दिली तर ती दुकानाचा खर्च. दिली नाही तर वहीच्या लेखी ती तिथे नव्हतीच.

मग दोन्ही प्रकारे मांडून पाहिलं. आईला मदतनिसाइतके दिले तर नफा ५,०००. जोडीला मुलालाही दिले तर २,०००. वर्गाला एवढं कळलं की, आठ हजारांतला मोठा भाग नफा नव्हताच, ती न दिलेली मजुरी होती. परीक्षेत असं लिहू नका, हेही सांगावं लागलं. पुस्तकातली चौकट शिकवणं माझं काम आहे. तिच्याबाहेर कोण उभं आहे हे दाखवणंही माझंच आहे.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

वाणिज्य संघटनच्या तासाला उलटा प्रश्न आला. दुकान वेगळं, मालक वेगळा, तर दुकान बुडाल्यावर घर का जातं? कारण एकल व्यापारात हे वेगळेपण फक्त वहीत असतं. कायद्याला मालक आणि दुकान एकच. त्याची जबाबदारी अमर्यादित. कायद्यालाही दोघे वेगळे हवे असतील तर कंपनी काढावी लागते.

लंडनच्या सॉलोमनचा खटला सांगितला. बूट बनवणाऱ्या या कारखानदाराने धंद्याची कंपनी केली. २०,००७ पैकी २०,००१ भाग त्याचे, उरलेले सहा बायको आणि पाच मुलांचे, प्रत्येकी एक. कंपनी बुडाली. धनकोंचा दावा होता की कंपनी म्हणजे हाच माणूस. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला: कंपनी वेगळी, सॉलोमन वेगळा. “भारीच की,” मुलं म्हणाली. अर्थात बँका छोट्या कंपनीला कर्ज देताना मालकाची वैयक्तिक हमी मागतात आणि जिना पुन्हा जोडला जातो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

शेवटचं प्रकरण, एकेरी नोंद पद्धती. पूर्ण वह्या नसलेल्या दुकानाचा नफा कसा काढायचा? अखेरचं भांडवल, त्यात उचल मिळवायची, सुरुवातीचं भांडवल वजा करायचं. मध्ये नवं भांडवल घातलं असेल तर तेही वजा. आमच्याच उदाहरणावर ताडून पाहिलं. २९,५०० अधिक ८,५०० वजा ३०,००० बरोबर ८,०००. म्हणजे रोजकीर्द नसली तरी चालतं. उचलीची नोंद नसली तर हे सूत्र लंगडं पडतं.

तास संपल्यावर तिळगूळवाला थांबला. घरी दोन डबे झालेत. वडील आता दर सोमवारी घरखर्चाची ठरावीक रक्कम एकदाच काढतात, मध्ये हात घालत नाहीत. ऐकून आईने तिच्या मजुरीचा विषय काढला. वडील म्हणाले, तुला दिले तर नफा कमी होईल.

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, कमी होणार न्हाई. आहे तेवढाच दिसेल.”

चैत्रीपासून द्यायचं कबूल झालंय. मजुरीची नोंद कोणत्या खात्याच्या नावे बाजूला येईल, हे विचारायला तो थांबला होता.