छत्तीस वर्षांचा पिचर आणि वीस वर्षांचा मुलगा

१२ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेतल्या डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाने अटलांटा ब्रेव्ह्ज या संघाशी एक अदलाबदल केली. डेट्रॉइटला मिळाला छत्तीस वर्षांचा डॉइल अलेक्झांडर. अटलांटाला मिळाला वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ. दोघेही पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. हा सौदा शहाणपणाचा होता की मूर्खपणाचा, यावर तिकडे अजून वाद होतो. आमच्या घरातही होतो.

माझा भाचा, म्हणजे भाईजानचा मुलगा, मिशिगनमध्ये नोकरी करतो आणि टायगर्सचा भक्त आहे. त्याचं म्हणणं ठाम आहे: "फुफी, आजच्यासाठी उद्या विकला त्यांनी." क्रिकेट पाहत वाढलेल्या मला बेसबॉल त्यानेच फोनवर समजावला. समजल्यावर मात्र मी त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसले.

आधी थोडं त्या खेळाविषयी. बेसबॉलमध्ये षटकांची मर्यादा नसते. सामना सुरू करणारा पिचर, ज्याला स्टार्टिंग पिचर म्हणतात, तो थकेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत टाकत राहतो. मग त्याला चार दिवस विश्रांती. म्हणून प्रत्येक संघ पाळीपाळीने टाकणारे चार-पाच असे पिचर बाळगतो. मोसमात १६२ सामने असतात आणि या चार-पाचांपैकी एक जरी कच्चा असला तरी दर पाचव्या दिवशी संघाच्या पोटात गोळा येतो. आयपीएलमध्येही आता संघ आपसांत खेळाडू देतात-घेतात, हार्दिक पांड्या गुजरातकडून मुंबईला गेला तो असाच. पण बेसबॉलमध्ये ही देवघेव भर मोसमात, शर्यत रंगात आलेली असताना होते. जो संघ मागे पडलाय तो आपला अनुभवी खेळाडू देऊन टाकतो आणि होतकरू पोरं घेतो. जो पुढे आहे तो उलट करतो.

१९८७ साली डेट्रॉइट पुढे होता. मोसमाची सुरुवात ११ विजय आणि १९ पराभव अशी वाईट झाली होती, पण नंतर संघ चढत चढत टोरंटोच्या मागोमाग येऊन ठेपला होता. तेव्हा गटात दुसरा येणाऱ्याला काही मिळत नसे. अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीग, प्रत्येकीत दोन गट, आणि फक्त गटविजेता पुढे. बाकीचे घरी. शिवाय हा संघ वयस्क होत चालला होता. १९८४ ची वर्ल्ड सीरिज जिंकणारे बरेचसे खेळाडू अजून होते, पण डॅरेल इव्हान्सने चाळिशी गाठली होती. अशी संधी पुन्हा येईल याचा भरवसा नव्हता.

आणि दिलं काय? स्मोल्ट्झ तेव्हा मुख्य लीगच्या दोन पायऱ्या खाली, ग्लेन्स फॉल्स नावाच्या गावच्या संघात खेळत होता. त्या मोसमात ४ विजय, १० पराभव. दर नऊ डावांमागे साडेपाचहून अधिक धावा देत होता. हा आकडा चारच्या आत असला तर बरा समजतात. १९८५ च्या खेळाडू-निवडीत त्याला बाविसाव्या फेरीत उचललं होतं. कागद समोर ठेवला तर हा मुलगा नापासच.

अलेक्झांडर आला आणि ११ सामन्यांत त्याने ९ विजय, शून्य पराभव अशी कामगिरी केली. नऊ डावांमागे सरासरी १.५३ धावा. शेवटच्या आठवड्यात टोरंटो सलग सात सामने हरला. त्यांतले शेवटचे तीन डेट्रॉइटमध्येच, डेट्रॉइटविरुद्ध. त्या तिघांतला पहिला सामना अलेक्झांडरने जिंकला, ४-३ असा. डेट्रॉइट ९८ विजयांवर थांबला, टोरंटो ९६ वर. दोन विजयांचा फरक, आणि त्या एकट्या माणसाच्या खात्यात नऊ. सौदा कशासाठी केला होता? गट जिंकण्यासाठी. जिंकला. पुढच्या फेरीत मोसमभरात ८५ च सामने जिंकलेल्या मिनेसोटाने त्यांना ४-१ ने हरवलं आणि अलेक्झांडर त्याचे दोन्ही सामने हरला, ही गोष्ट वेगळी.

भाचा इथे थांबू देत नाही. "मग पुढचं सांग," म्हणतो. पुढचं असं: १९८९ मध्ये अलेक्झांडर १८ सामने हरला आणि निवृत्त झाला. डेट्रॉइट त्या साली १०३ सामने हरला. तिकडे स्मोल्ट्झने कारकिर्दीत २१३ विजय मिळवले, १९९६ मध्ये सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार घेतला, पुढे सामना संपवणाऱ्या पिचरच्या भूमिकेत १५४ सामने राखले आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. तोही मिशिगनमध्येच जन्मलेला आणि टायगर्सचं नाव घेत मोठा झालेला मुलगा. त्यामुळे तिथल्या लोकांच्या जिव्हारी जास्त लागलं.

माझे मुद्दे दोन. पहिला असा की, शेवट माहीत असताना निर्णय तपासणं सोपं असतं. अशा सौद्यांत दिली गेलेली बहुतेक पोरं पुढे कुणाला आठवतही नाहीत. त्यांच्या नावाने कुणी हळहळत नाही. एक स्मोल्ट्झ निघाला म्हणून आपण त्या दिवसाला मूर्ख ठरवतो.

दुसरा मुद्दा मास्तरकीतला आहे. बीएडला आम्ही शिकलो आणि वर्गात रोज भोगतो ते आकारिक आणि संकलित मूल्यमापन. एक चालू वाढीचं, दुसरं सत्राअखेरचं. ४ विजय आणि १० पराभव हा वीस वर्षांच्या मुलाच्या वाढीतला एक चालू आकडा होता, तो अंतिम निकालासारखा वाचला गेला. अटलांटाने तो तसा वाचला नाही. त्यांचा संघ खाली होता, त्यांना घाई नव्हती. मुख्य संघात आल्यावर १९८८ मध्येही स्मोल्ट्झ २ सामने जिंकला आणि ७ हरला. १९९१ चा अर्धा मोसम संपला तेव्हा तो पुन्हा २ विजय आणि ११ पराभवांवर होता. त्याला घरी पाठवलं नाही, मानसतज्ज्ञाशी बोलायला लावलं. उरलेल्या मोसमात तो १२ जिंकला, २ हरला. त्याच वर्षी वर्ल्ड सीरिजच्या सातव्या, निर्णायक सामन्यात तो उतरला तेव्हा समोर मिनेसोटाकडून जॅक मॉरिस होता. १९८७ च्या डेट्रॉइटचा मुख्य पिचर, स्मोल्ट्झचा लहानपणचा आदर्श. दोघांनीही धाव दिली नाही. स्मोल्ट्झ आठव्या डावात बाहेर गेला, मॉरिस दहाही डाव टाकत राहिला आणि मिनेसोटा १-० ने जिंकला.

म्हणून मी भाच्याला विचारते, डेट्रॉइटमध्येच राहिला असता तर तो हाच स्मोल्ट्झ झाला असता का? जिथे दर पाचव्या दिवशी विजयच हवा होता, तिथे ११ पराभव कुणी सोसले असते? घाई असलेल्या घरात सबुरी स्वस्त नसते.

हे मी घर पाहून म्हणते. अब्बा आजारी पडले तेव्हा भाईजान बारावी सायन्सला होते. परीक्षा न देता ते यंत्रमागावर उभे राहिले. घरभाडं, अब्बांची औषधं आणि नंतर माझी बीएडची फी त्या पगारातून गेली. मोहल्ल्यात अजून म्हणतात, "मुलगा इंजिनिअर झाला असता." झाले असते, कदाचित. त्यांचे गणिताचे मार्क मला माहीत आहेत. पण त्या वर्षीचं भाडं त्या वर्षीच द्यायचं होतं. भाचा डेट्रॉइटला दोष देताना आवाज चढवतो तेव्हा तो फक्त बेसबॉलबद्दल बोलत नसतो, हे मला कळतं. मीही नसते.

तर माझं मत असं. त्या ऑगस्टमध्ये त्या खुर्चीत मी असते तर सही केली असती. फक्त एक अट: आपण काहीच देत नाही आहोत, नापास पोरगा देऊन आयता पिचर मिळतोय, असं मनाशी म्हणायचं नाही. किंमत मोठी असू शकते हे धरूनच सही करायची. गरज खरी असेल तर ती मोठी किंमतही द्यावी लागते, आणि मग नंतर आकडे पाहून कपाळ बडवायचं कारण उरत नाही.

मागच्या ईदला भाचा आला होता. त्याने हा सगळा किस्सा अब्बांसमोर, म्हणजे भाईजानसमोर, मांडला आणि विचारलं, चूक कुणाची? भाईजानने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "त्या साली ते जिंकले ना?"