पाच जणांचा देश

नकाशावर खंडांच्या सीमा रेखाटणे सोपे असते. कोण कोणत्या खंडाचा, हे मैदानावर ठरविणे तितके सोपे नसते. बास्केटबॉलच्या इतिहासात याचा एक मौजेचा दाखला आहे. १९४९ साली युरोपचे अजिंक्यपद कैरो शहरी खेळले गेले आणि ते जिंकले इजिप्तने. आफ्रिकेची स्वतंत्र स्पर्धा तेव्हा अस्तित्वातच नव्हती, म्हणून आफ्रिकेतला एक देश युरोपचा विजेता ठरला. पुढे १९६२ मध्ये आफ्रिकेची पहिली स्पर्धा त्याच कैरोत भरली आणि तीही त्याच देशाने, संयुक्त अरब प्रजासत्ताक या तेव्हाच्या नावाने, जिंकली. तेरा वर्षांत एका देशाचा खंड बदलला. त्याची जमीन मात्र तसूभरही हलली नव्हती.

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसाला हा दाखला आपल्या घरचा वाटावा, यात नवल नाही. मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे आणि गेली सात वर्षे सियालदहला आहे. ज्या रस्त्याने मी रोज कामावर जातो तो जुना सर्क्युलर रोड. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने १७४२ मध्ये खणलेला खंदक १७९९ साली बुजविण्यात आला आणि त्याच्या मार्गावर हा रस्ता झाला. ज्यांना अडविण्यासाठी खंदक खणला, त्यांचाच एक वंशज त्यावरून हातात जेवणाचा डबा घेऊन जातो, याची सहकाऱ्यांना मोठी गंमत वाटते. ते मला लाडाने ‘बर्गी’ म्हणतात. मीही ते मानून घेतले आहे.

बास्केटबॉल हा काही माझ्या गावचा खेळ नव्हे. आमच्या वाई तालुक्यात कबड्डी होती, खोखो होता, यात्रेतल्या कुस्त्या होत्या. लोखंडी कडे लावलेला खांब मी प्रथम पाहिला तो कॉलेजात. या खेळाची गोडी मला लावली ती शेजारच्या टेबलावरील एका उंच केरळी गृहस्थाने. खेळाडूंच्या राखीव जागेवर त्याची भरती झाली आहे. पहाटे सराव, मग कचेरी, आणि हंगामात खात्याच्या संघातून सामने. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांच्या संघांबरोबर रेल्वे आणि सेनादल यांचेही वेगळे संघ उतरतात, हे वाचकांस ठाऊक असेलच. अशा संघातला केरळी खेळाडू केरळविरुद्ध खेळतो, पंजाबी पंजाबविरुद्ध. मी त्याला एकदा विचारले, “आपल्याच मुलखाविरुद्ध खेळताना हात अडखळत नाही का?” तो म्हणाला, “रोज पहाटे ज्यांच्याबरोबर घाम गाळतो, चेंडू त्यांच्याकडेच जातो. हाताला दुसरे काही कळत नाही.”

हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले. आफ्रिकेच्या स्पर्धेकडे मी वळलो तो त्याच्याच मागोमाग.

आशियाची अशीच स्पर्धा १९८१ साली तेव्हाच्या कलकत्त्यात, नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये झाली होती. चीन पहिला, दक्षिण कोरिया दुसरा, जपान तिसरा. आमच्या कचेरीतून निवृत्त झालेले बडोबाबू तेव्हा विद्यार्थी होते आणि त्यांनी ते सामने पाहिले आहेत. त्याच वर्षी आफ्रिकेची स्पर्धा सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, भरली. आयव्हरी कोस्टने ती जिंकली आणि यजमान सोमालियाने तिसरा क्रमांक मिळविला. पुढे १९९१ मध्ये तेथील सरकार कोसळले आणि देश यादवीत सापडला. त्या दिवशी मोगादिशूच्या प्रेक्षागृहात टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कितीजण पुढे परमुलखात निर्वासित झाले असतील?

हे मी बडोबाबूंना बोलून दाखविले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. त्यांचे आईवडील फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आले आणि पहिले काही महिने याच सियालदह स्थानकाच्या फलाटावर राहिले. अशी हजारो कुटुंबे तेव्हा येथे होती. घर गेले, शेत गेले, तळे गेले. एक गोष्ट मात्र त्यांना नव्या शहरात तयार मिळाली, ती म्हणजे १९२० साली स्थापन झालेला ईस्ट बंगाल हा फुटबॉल संघ. “देश उरला नव्हता,” बडोबाबू म्हणाले, “पण संघ होता. शनिवारी आमचे वडील मैदानावर जाऊन आपल्या देशाला भेटून येत.”

आफ्रिकेत याच कथेचे ताजे रूप दक्षिण सुदानमध्ये दिसते. हा देश २०११ मध्ये स्वतंत्र झाला. त्याचे बहुतेक नामवंत खेळाडू निर्वासित कुटुंबांतले. कोणी केनियात वाढले, कोणी ऑस्ट्रेलियात, कोणी अमेरिकेत. लुओल डेंग हा तर बालपणीच इजिप्तमार्गे लंडनला पोहोचला आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून खेळला. पुढे तो आपल्या मायदेशाच्या बास्केटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. २०२१ साली हा संघ प्रथमच आफ्रिकेच्या स्पर्धेत उतरला आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला पोहोचला. तेथे पहिल्या सामन्यापूर्वी त्यांचे म्हणून भलतेच राष्ट्रगीत वाजविण्यात आले. खेळाडू छातीवर हात ठेवून उभे राहिले, योग्य गीत सुरू होईपर्यंत थांबले, आणि मग त्यांनी प्वेर्तो रिकोला ९० विरुद्ध ७९ असे हरविले. ज्यांची उभी हयात ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाला उत्तरे देण्यात गेली, त्यांनी या वेळी उत्तर मैदानावर दिले.

अंगोलाची गोष्ट आणखी वेगळी. १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळाले आणि लगोलग यादवी पेटली, ती २००२ पर्यंत विझली नाही. तरी त्या आगीतच अंगोलाने १९८९ साली प्रथम आफ्रिकेचे अजिंक्यपद मिळविले आणि १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये यजमान स्पेनला वीस गुणांनी नमविले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा अंगोलातच झाली. लुआंडाची घड्याळे आपल्याहून साडेचार तास मागे. म्हणून तेथील संध्याकाळचे सामने येथे मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होत. मी आणि माझा बारा वर्षांचा मुलगा ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहत असू. अंतिम सामन्यात अंगोलाने मालीला ७० विरुद्ध ४३ असे हरवून बाराव्यांदा विजेतेपद मिळविले. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला चिल्डे दुंदाओ, उंची साडेपाच फुटांच्या आसपास! आपली उंची दाराच्या चौकटीवर दर महिन्याला मोजणाऱ्या माझ्या मुलाला त्या रात्री झोप आली नाही.

हा मुलगा पाच वर्षांचा असताना येथे आला. घरी मराठी बोलतो, पण धापा टाकीत खेळताना त्याच्या तोंडून येते ती बंगाली. यंदा त्याच्या वयोगटाच्या निवड चाचणीचा अर्ज आला. त्याने तो स्वतःच भरला: राज्य पश्चिम बंगाल, मातृभाषा मराठी. या दोन ओळींत काही विसंगती आहे असे त्याला वाटले नाही. खालच्या रकान्यात वजन लिहून तो मोकळा झाला.

पण त्याच आठवड्यात माझ्याही टेबलावर एक अर्ज होता, पुण्याला बदली मागण्याचा. गावी आई एकटी आहे. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. कारणाच्या रकान्यात लिहिण्यासारखे सारे खरे होते. मुलाला मी सांगू शकलो असतो की खांब आणि कडे पुण्यातही आहे. तेही खरेच. पण तो ज्या चार मुलांकडे न पाहता चेंडू टाकतो, ती चार मुले पुण्यात नाहीत, हेही तितकेच खरे. या खेळात मैदानावर पाचच जण असतात. बारा वर्षांच्या पोराचा देश एवढाच.

शेवटी मी आईला दूरध्वनी केला. तिला बास्केटबॉल म्हणजे काय हे समजावताना माझी पुरेवाट झाली. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “भरल्या ताटावरून पोराला उठवू नकोस. हिवाळ्यात मीच येते तिकडे. मात्र जिना कमी असलेली खोली बघ.”

बदलीचा अर्ज मी दोन वर्षांसाठी खणात ठेवला आहे. तळमजल्यावरची खोली शोधणे मात्र कालपासून सुरू केले आहे.