खरखर

जुलैत संध्याकाळचे सात वाजले की माझा रेडिओ आजारी पडायचा. दिवसभर चाळीस मीटरच्या बँडवर बेळगावपासून नागपूरपर्यंतची मंडळी स्वच्छ ऐकू यायची. सात वाजले की सिग्नल मीटरचा काटा एकदम नऊवर जाऊन बसायचा आणि हेडफोनमध्ये कढईत काहीतरी करपत असल्यासारखा आवाज सुरू व्हायचा. रात्री साडेबारा-एकला तो आपोआप थांबायचा. तोवर बोलणारेही झोपलेले असायचे.

आम्हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, लोकांच्या भाषेत खरखर दोन जातींची. क्यूआरएन आभाळाची आणि क्यूआरएम माणसांची. आभाळाची खरखर मे अखेरीस, वळवाचे ढग माहुलीच्या बाजूला जमले की ऐकावी. पाऊस आमच्या पेणला पोचायच्या आधी तास-दोन तास वीज कानात तडतडायला लागते. तिला ना ताल ना वेळ. माणसांची खरखर मात्र शिस्तीची. कामावर वेळेत येते, वेळेत घरी जाते. माझी तर घड्याळ लावून येत होती.

असल्या वेळी आधी स्वतःचं घर तपासायचं असतं. रेडिओ बारा व्होल्टच्या बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच पाडला. मालिका बघत बसलेल्या आईने त्यावर जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही. काटा नवावरून आठावर आला. एक घरभेदी सापडला, तो माझ्याच टेबलावरचा मोबाइल चार्जर. बाकीची खरखर बाहेरची.

ती शोधायला महागडं यंत्र लागत नाही. जुना खिशात मावणारा ट्रान्झिस्टर पुरतो. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधली रिकामी जागा लावायची आणि चालायला लागायचं. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची एक कांडी असते. कांडी आडवी धरली की आवाज सर्वांत मोठा; तिचं टोक आवाजाच्या उगमाकडे वळलं की तो बारीक होत जवळजवळ नाहीसा होतो. मोठ्या आवाजापेक्षा हा नाहीसा होण्याचा बिंदू कितीतरी नेमका सापडतो. म्हणून हा शोध उलटा चालतो: आवाज जिकडे मरतो तिकडे जायचं. चौकात उभा राहून ट्रान्झिस्टर गोल फिरवणारा छत्रीवाला माणूस बघून दोन पोरं माझ्यामागे लागली. तिसऱ्या गल्लीत पोचेपर्यंत ती पाच झाली होती.

उगम निघाला गणपतीच्या कारखान्यात. पेणला जुलैत दुसरं काय निघणार! आत शाडूचे, प्लास्टरचे शे-दोनशे गणपती ओळीने बसलेले आणि त्यांच्या डोक्यावर नव्या एलईडी पट्ट्या. संध्याकाळी सातला डोळ्यांच्या आखणीला बसायचं आणि मध्यरात्री उठायचं, हा तिथला हंगामातला नेम. पट्ट्यांचे स्वस्तातले अडॅप्टर सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात. त्यातली घाण तारेवाटे बाहेर पडते, आणि तीस फूट लांब पट्टीची तार म्हणजे फुकटात मिळालेली अँटेना. माझ्या छपरावरच्या अँटेनापेक्षा तिची बांधणी बरी होती, हेही कबूल करतो.

मालकांना मी हे सगळं सांगितलं. ते एका मूर्तीच्या डाव्या डोळ्यावर होते. कुंचला टेकला, वळण पूर्ण झालं, मग त्यांनी श्वास सोडला आणि माझ्याकडे बघितलं. "काका, लाइट बंद करायला सांगू नका. पिवळ्या उजेडात नजर तिरकी जाते." मी म्हटलं, बंद नको, फक्त अडॅप्टरांना कडी घालू द्या. दुसऱ्या दिवशी भंगारातून फेराइटची सहा कडी आणली. जुन्या मॉनिटरच्या केबलला जी काळी गाठ असते, तीच ही वस्तू. प्रत्येक अडॅप्टरच्या दोन्ही तारा एकत्र धरून कड्यातून आठ-आठ वेढे घेतले. वेढे मोजताना मध्ये कोणी बोललं की चुकतात. तिथे सगळेच बोलत होते. रात्री काटा चारावर. हिशेब केला तर सुरुवातीच्या नवापासून खरखरीची ताकद जवळपास हजार पटींनी उतरली होती. मालकांनी विचारलं, "तुमचं काम झालं, आमच्या लाइटला काही होणार नाही ना?" काही झालं नाही.

विजेच्या खरखरीचं हे गाऱ्हाणं आमच्या जिल्ह्यात एकशे वीस वर्षं जुनं आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत असे. १८५९च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ तिथल्या नोंदवहीत सापडतं. क्षेत्र सोळाशे नॅनोटेस्लाच्या आसपास कोसळलं होतं. मग मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असं ठरलं. रुळांतून फिरणारा प्रवाह सुया हलवणार, म्हणून वेधशाळेने आपला संसार खाडीपलीकडे अलिबागला हलवला. १९०४पासून तिथे मोजणी सुरू झाली आणि १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जुळवता यावेत. ही दोन वर्षांची दुहेरी नोंद मला फार आवडते. मी अँटेना बदलतो तेव्हा जुनी लगेच उतरवतो आणि मग नवी सुधारली की बिघडली हे सांगायला काही पुरावाच उरत नाही.

सूर्याचा फटका मलाही बसला आहे. ११ मे २०२४, शनिवार. सकाळी सातला रोजची मंडळी जमायची, त्या दिवशी बँड गप्प. ना माणूस, ना खरखर. मला वाटलं केबल गेली. शिडी लावली, छपरावर चढलो, जोड सोडला, तासला, पुन्हा डाग दिला. खाली आलो तर तेच. दुपारी बातम्यांत लडाखच्या आकाशातली लाल प्रभा दाखवली तेव्हा उलगडा झाला. आदल्या रात्रीपासून मोठं चुंबकीय वादळ चालू होतं आणि सकाळी सूर्यावर आणखी एक स्फोट झाला होता. माझी केबल ठणठणीत होती. डाग दिलेला जोड मात्र पुढच्या पावसात पाणी प्यायला.

पाणी हा इथला खरा शत्रू. पेणची हवा खाडीची, खारी. उघड्या तांब्याला एका पावसात हिरवा कळंक चढतो आणि कोअॅक्स केबलच्या जाळीतून पाणी वातीसारखं आत चढत जातं. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी, वर मेण फासावं आणि खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. पुस्तकातली महागडी टेप मी दोनदा मागवली. ट्यूबच टिकली.

अँटेनाचं बाकी सामानही बाजारपेठेतलंच. १४३ला मेगाहर्ट्‌झने भागलं की मीटरमध्ये लांबी येते. ७.१साठी वीस मीटर, म्हणजे दोन बाजूंना दहा-दहा. घरातल्या वायरिंगची दीड एमएमची तार घ्यायची, अर्धा मीटर जास्त ठेवायची आणि टोकं दुमडून जुळवायची, कारण कापलेली तार वाढत नाही. टोकाला पीव्हीसी पाइपाचे तुकडे. आंब्यावर दोरी चढवायला गलोल आणि मासेमारीची तंगूस: शिशाचा गोळा फांदीवरून पलीकडे गेला की तंगूसमागे सुतळी आणि सुतळीमागे नायलॉनची दोरी. पहिला गोळा शेजारच्या कौलावर गेला. दुसराही. आता नॅनोव्हीएनए नावाचं पत्त्यांच्या कॅटएवढं यंत्र आलं आहे, ते तारेचा सूर पडद्यावर काढून दाखवतं. त्यामुळे मला हेही कळलं की पावसात आंब्याची ओली पानं तारेला टेकली की तिचा सूर खाली उतरतो. झाडाखाली उभं राहून ते बघत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे आणि मी तो दर पावसाळ्यात करतो.

रेडिओही घरचाच. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्सचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला, आणि तोही आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या भागांवर बेतलेला. त्यांच्या पहिल्या आराखड्यात एक कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळायची होती. मी प्लंबरच्या दुकानात वॉशर मागितले. कितीचा नळ, असं त्याने विचारलं. सात मेगाहर्ट्‌झचा, असं सांगायचा मोह आवरला.

याच सात मेगाहर्ट्‌झला मी थोडा भाविक आहे. १९४२च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत लपून काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण, १२ नोव्हेंबरला पोलिसांची धाड. लहर ४२.३४ मीटरची. भागाकार करून बघितला तर ती ७.०८ मेगाहर्ट्‌झच्या जवळ येते. म्हणजे आज आम्ही जिथे सकाळी एकमेकांना चहा झाला का विचारतो, तीच जागा. मी डायल तिथून फिरवताना जरा हळू फिरवतो. त्याला तांत्रिक कारण काही नाही.

आता रोह्याबद्दल. माझा एक मित्र तिथे राहतो, धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. पेणहून रोहा सरळ रेषेत तेहतीसएक किलोमीटर. हातातल्या दोन मीटर बँडच्या सेटवर आम्हाला एकमेकांचा शब्द ऐकू येत नाही, नागोठण्यापुढचे डोंगर आड येतात. चाळीस मीटरवर मात्र येतो, आणि तो डोंगर ओलांडून येत नाही. माझी तार जेमतेम वीस फुटांवर आहे. पुस्तकं म्हणतात निदान साठ-पासष्ट फुटांवर हवी. बरीच वर्षं मला तिची लाज वाटायची. मग कळलं की बुटकी तार आपली ताकद सरळ डोक्यावर फेकते. अडीचशे-तीनशे किलोमीटर वरचं आयनांबर ती शॉवरसारखी खाली परत पाठवतं, आणि त्या शॉवरखाली रोहा येतं. म्हणजे "जेवलास का" हे तेहतीस किलोमीटरवर पोचवायला शब्द सहाशे किलोमीटर फिरून येतो. लागतात दोन मिलिसेकंद. दिवा-रोहा गाडी पेणहून यापेक्षा जास्त वेळ घेते, आणि तीही वेळेवर असली तर.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. माझा आंबा अर्धा मोडला, तार चिखलात. रोह्याकडचा मार जास्त. तिकडचे मोबाइल टॉवर बंद, वीज नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपड्याच्या दोरीला तार बांधली, म्हणजे डोक्याएवढीच उंची, आणि स्कूटरच्या बॅटरीवर सेट लावला. सात वॅट. एरवी सात वॅट या खरखरीत बुडाले असते. पण त्या दिवशी पेणलाही वीज नव्हती. एलईडी नाही, चार्जर नाही, पंपाचा स्टार्टर नाही. काटा शून्याला चिकटलेला. एवढी शांतता त्या बँडवर मी आधी कधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. चारच्या सुमारास मित्र आला, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून. पत्रे उडाले, माणसं नीट, पनवेलच्या बहिणीला सांग. माझ्या मोबाइलला अंगणाच्या एका कोपऱ्यात अधूनमधून रेंज येत होती. सातव्या प्रयत्नात बहीण लागली. तिने आधी विचारलं, तो कुठल्या फोनवरून बोलला?

वीज आली ती चार दिवसांनी, रात्री. गल्लीत पोरांनी आरडाओरडा केला, आईने पंखा लावला, आणि मीटरचा काटा एकदम सहावर चढला. मी चरफडलो. मग चार्जर शोधायला उठलो.

यंदाच्या जूनमध्ये कारखान्याचे मालक स्वतः दारात आले. नवी शेड घातली आहे, पट्ट्या दुपटीने वाढल्या आहेत. "काका, आखणी पुढच्या आठवड्यात सुरू होतेय. तुमची ती कडी आधीच घालून जाता का?" मी ट्रान्झिस्टरमध्ये सेल घातले. भंगारवाल्याकडे मॉनिटर आता येत नाहीत. चौदा कडी कुठून आणायची, तो प्रश्न आहे. रोह्याच्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, कंपनीच्या स्टोअरमध्ये जुन्या केबली पडल्या आहेत, रविवारी गाडीने घेऊन येतो. एवढं बोलेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले, वरचं आयनांबराचं छत पातळ झालं आणि तो वाक्याच्या मध्येच बुडाला. त्याच्या जागी, सरळ त्याच फ्रिक्वेन्सीवर, कलकत्त्याकडचा कोणीतरी मोठ्याने सीक्यूची हाक घालत होता.